वॉर्ड सव्वापाचची नाडी

पडद्याखालची तांबडी पट्टी सरसर चढत सत्त्याऐंशीवर जाऊन थांबली, सेटवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ऋजुता मुळगुंदला समोरच्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तसं तिला रोजच वाटायचं. हा माणूस म्हणजे यशोधन खानविलकर. सहा वर्षांपूर्वी, मालिकेच्या पहिल्याच भागात, एका विनोदी प्रसंगात त्याला तिला खोटी चपराक मारायची होती. ती त्यानं खरी मारली. ऋजुताच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती, आणि हा शहाणा सगळ्यांना सांगत सुटला होता की रिअ‍ॅक्शन बघा किती खरी आली. तेव्हापासून तिचा विनोद रंगात आला की नेमका हा खोकायचा, स्टेथोस्कोप पाडायचा आणि हशा स्वतःकडे ओढून घ्यायचा. असल्या माणसावर तिचं शंभरात सत्त्याऐंशी प्रेम आहे, असं यंत्र म्हणत होतं.

हे चाललं होतं नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये हॉस्पिटलचा सेट लावला होता. खाटा खऱ्या, सलाइनच्या बाटलीत साधं पाणी, आणि भिंतीवरचे सगळे एक्स-रे एकाच माणसाच्या गुडघ्याचे. तिथे 'वॉर्ड नंबर सव्वापाच' ही विनोदी मालिका चालायची. ऋजुता त्यात डॉक्टर गार्गी, यशोधन डॉक्टर रणजित, आणि औषधांच्या खिडकीमागे बसणारा जनार्दन म्हणजे निनाद बापट. गार्गी काहीतरी निमित्त काढून त्या खिडकीशी जायची, जनार्दन तिला गोळी द्यायचा आणि गोळीबरोबर एक टोमणा. अशा रमतगमत दोघांचं जमत चाललं होतं. लोकांना ते फार आवडायचं, कारण कॅमेरा बंद झाल्यावर ऋजुता आणि निनाद एकाच घरी जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. डिसेंबरात दोघांचं खरं लग्न ठरलं होतं.

आणि त्याच निनादबरोबरच्या प्रसंगात आज सकाळी पट्टी एकतीसवर बसून राहिली होती, हलायला तयार नव्हती.

यंत्राचं नाव 'नाडी'. त्यातली गंमत अशी की मनगटाला कुणी हात लावायचा नाही. आपलं हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त चेहऱ्याकडे फेकतं आणि कातडी किंचित लाल होते. इतकी किंचित की आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण चांगल्या कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून ठोके मोजता येतात. डोळ्याची बाहुली किती मोठी झाली, गाल किती तापला, ओठांच्या कडेचा स्नायू कधी आवळला, हेही कॅमेऱ्याला कळतं. या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या मोजणं जुनंच होतं. नाडीनं त्या एकत्र करून एकच आकडा द्यायला सुरुवात केली: चौकटीतल्या दोन माणसांचं एकमेकांवर खरं प्रेम किती. वाहिनीनं तो आकडा पट्टीसकट घराघरांतल्या पडद्यांवर लावला. प्रेक्षक किती बसले हे मोजायचे दिवस मागे पडले. आता प्रेक्षकांना खोटं प्रेम नको होतं. पट्टी जिकडे जाईल तिकडे कथा न्यायची, असा करारच होता.

"उद्यापासून गार्गी आणि रणजित," निर्मात्या शैलाताई गोंधळेकर टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या. "जनार्दनाचा ट्रॅक बंद. निनाद, तू खिडकीत आहेसच, पण आता फक्त गोळ्या दे."

"शैलाताई, मला या माणसाचा राग येतो," ऋजुता सगळ्यांसमोर म्हणाली.

"दिसलं की," शैलाताई पट्टीकडे बोट दाखवत म्हणाल्या, आणि सगळे खो खो हसले. निनादही हसला. पण त्याचं हसणं इतरांच्या नंतर सुरू झालं आणि आधी संपलं.

मेकअप रूममध्ये यशोधन तिची वाटच बघत होता.

"काय लावलंयस तू हे? माझी बायको आठवडाभर बोलत नाहीये माझ्याशी. गेल्या भागातही आपला आकडा पंच्याऐंशी आला होता, कळतंय का तुला? मुलगी विचारते, बाबा, आता गार्गी आमची आई होणार का."

"मग सांग तिला, गार्गी तुझ्या बापाच्या चहात उंदराचं औषध घालणार आहे म्हणून."

"तुझा आवाज ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते," यशोधन म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मी निर्मात्यांना सांगितलं होतं, हिला काढा. अभिनय येत नाही, नुसती भुवया उडवते."

"आणि तू नुसता खोकतोस. टीबी वॉर्डात काम मिळेल तुला."

दोघंही इतकं मनापासून भांडले की मेकअप करणारी बाई ब्रश खाली ठेवून बाहेर गेली. जाताना तिनं दार हळूच लावून घेतलं. दोघांना जरा एकांत मिळावा म्हणून. ऋजुताच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा.

घरी निनादनं त्या दिवशी पोहे केले, तिच्या आवडीचे, भरपूर शेंगदाणे घालून. बशी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "एकतीस."

"निनाद, ते यंत्र आहे. त्याला काय कळतंय?"

"त्याला तुझे ठोके कळतात. यशोधन समोर आला की एकशे दहा. मी आलो की सत्तर. झोपलेल्या माणसाचे असतात तेवढे."

"तू आलास की मला बरं वाटतं. सुटल्यासारखं वाटतं. त्याला सत्तर म्हणतात."

"छान बोललीस," निनाद म्हणाला. "संवाद लिहून घे."

आठ वर्षं एकत्र राहून तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. तिला राग आला नाही, भीती वाटली. या माणसाशिवाय घर ही कल्पनाच तिला करता येत नव्हती. आईबाप गेलेले, भाऊ परदेशात, आपलं म्हणायला एवढाच एक माणूस. आणि तो पोहे न खाता खिडकीबाहेर बघत बसला होता.

पुढचे दोन महिने लोकांनी तिला सुखानं जगू दिलं नाही. गंगापूर रोडला भाजी घ्यायला गेली तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "रणजितराव बरे आहेत ना? जपा हो त्यांना." निनाद शेजारीच मेथीची जुडी धरून उभा होता, त्याला मावशींनी अशा नजरेनं पाहिलं की जणू तोच दुसऱ्याच्या संसारात घुसलाय. निनादच्या आत्यानं जळगावहून फोन करून विचारलं की हॉलचं बुकिंग परत फिरवता येतं का. दर भागात रणजित आणि गार्गी ऑपरेशन थिएटरबाहेर एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे, ऋजुता मनातल्या मनात त्याला शिव्या मोजायची, आणि पट्टी नव्वदीला टेकायची. महाराष्ट्र हळहळायचा की हिला स्वतःचं मन कसं कळत नाही.

निनाद घरी शब्द मोजून बोलू लागला. एकदा तिनं त्याचा हात धरला तर त्यानं तिचं मनगट चाचपलं, ठोके बघायला. मग हात सोडून दिला आणि कूस बदलली.

त्यानंतर मात्र ती सकाळी उठून तडक तन्वीर मुजावरकडे गेली. तन्वीर नाडीचा इंजिनिअर, सांगलीचा, शेडच्या कोपऱ्यात एका काचेच्या खोलीत बसायचा. तिनं त्याच्या टेबलावर दोन्ही हात टेकले.

"हे यंत्र प्रेम ओळखायला शिकलं कुठून, ते सांग. कुणाचं प्रेम बघून शिकलं?"

तन्वीरनं मान खाली घातली. बहुधा हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी तो वाट बघत असावा.

"मॅडम, शरीर फक्त एवढंच सांगतं की माणूस पेटलाय. कशानं पेटलाय ते रक्तात लिहिलेलं नसतं. रागात ठोके वाढतात, प्रेमातही वाढतात. बाहुली दोन्हीकडे मोठी होते. फरक बारीक असतो, तो यंत्राला शिकवावा लागतो. हजारो चेहरे दाखवायचे आणि सांगायचं, हे प्रेम, हा राग."

"मग?"

"कंपनीनं चेहरे घेतले ते वीस वर्षांच्या मराठी मालिकांमधले. कॉलेजची पोरं बसवली, प्रत्येक तुकडा बघून नाव द्यायला. आता आपल्या मालिकेत हिरो-हिरॉइन पहिल्यांदा भेटतात तेव्हा काय करतात?"

"भांडतात," ऋजुता म्हणाली, आणि तिथेच खुर्चीत बसली.

"त्याची गाडी हिच्या अंगावर चिखल उडवते, ही त्याच्या डोक्यावर आमटी ओतते. कडाकडा भांडतात. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की आता यांचं जमणार. पोरांनी तिथे लिहिलं, प्रेम. त्यांना ते चूक वाटलंच नाही. तुम्हाला तरी वाटलं असतं का? आणि पुढे खरोखरचे प्रेमाचे प्रसंग येतात तेव्हा कलाकार सकाळपासून उभे राहून दमलेले असतात, घरी कधी जातोय असं झालेलं असतं. चेहरे थंड. नाडीनं त्यातून एक धडा घेतला. आग दिसली की प्रेम, गारवा दिसला की काही नाही."

ऋजुता हसली नाही. दोन महिने तिच्या घरातली माणुसकी संपत चालली होती ती कुणीतरी आमटी ओतण्याला प्रेम म्हटलं म्हणून. तिला तन्वीरचा, त्या पोरांचा, स्वतः ओतलेल्या आमटीचाही संताप आला. तिनंही तसली भांडणं डझनभर केली होती, आधीच्या मालिकांत.

शैलाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मला हे तू सांगितलंच नाहीस असं समज," त्या म्हणाल्या. "लोकांना आकडा आवडलाय. बाहेर बोललीस तर करार वाच, मग बोल."

पण निनादला सांगायला करार आड येत नव्हता. ती तन्वीरला घेऊनच निनादकडे गेली. तन्वीरनं सगळं पुन्हा समजावलं, जुने तुकडे दाखवले. निनाद एकेक तुकडा बघत गेला आणि त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली. ऋजुताला वाटलं, सुटले. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"म्हणजे तू चिडलीस की आकडा वाढतो," निनाद म्हणाला.

"हो."

"कुणावरही चिडलीस तरी?"

"हो रे बाबा. तेच तर सांगतेय."

"मग माझ्यावर चीड ना," तो उत्साहानं म्हणाला. "आपला ट्रॅक परत आणू. एकदा पट्टी नव्वदीला गेली की आत्या गप्प, भाजीवाली गप्प, तो खोकणारा गप्प. फक्त टेकच्या आधी मी तुला थोडं डिवचत जाईन. खोटंखोटं."

ती हो म्हणाली. चूक तिचीही होतीच. पण किती दिवसांनी तो तिच्याशी हसून बोलत होता, आणि तिला तो परत हवा होता.

शैलाताईंनी खिडकीचा एक प्रसंग मोठ्या मेहेरबानीनं दिला. टेकच्या आधी जाळीतून निनाद कुजबुजला, "सकाळचा चहा पाणचट होता." ती हसली, पट्टी पस्तीस. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, तू घोरतेस. मग म्हणाला, तुझ्या भावाला तू नकोशी आहेस म्हणून तो फोन करत नाही. तेव्हा पट्टी बावन्नवर गेली आणि निनादनं आनंदानं मूठ आवळली.

घरी ती म्हणाली, "भावाचं नको काढूस."

"अगं, खोटंखोटं होतं. बावन्न आले की."

खोटंखोटं म्हणून काढलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बोथट व्हायची. आकडा टिकवायचा तर रोज नवीन काहीतरी हवं, आणि कालच्यापेक्षा झोंबणारं. आठ वर्षांत तिनं त्याला विश्वासानं काय काय सांगितलं होतं, कुठे लाज वाटते, कशाची भीती वाटते. तो एकेक काढू लागला. तिच्या वडिलांचं पिणं काढलं. पहिल्या नाटकात ती संवाद विसरली आणि विंगेत रडली, ते काढलं. मूल नको म्हणाली होती त्याची खरी कारणं काढली. साठ, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. बोलताना त्याचे डोळे तिच्यावर नसायचे, तिच्या खांद्यावरून मागच्या पट्टीवर असायचे. लोक पुन्हा जनार्दनाच्या बाजूनं बोलू लागले. आत्यानं हॉलचे उरलेले पैसे भरले. निनाद घरी शीळ घालत भांडी लावायचा, तिला जवळ घ्यायचा, आणि ती आता त्याच्या हाताखाली लाकडासारखी ताठ व्हायची.

"आता बास," ती एकदा म्हणाली. "मला खरंच राग यायला लागलाय तुझा."

"एवढा मागणीचा प्रसंग होऊ दे," तो म्हणाला. "नव्वद झाले की संपलं. शब्द देतो."

मागणीच्या प्रसंगाला शेड खच्चून भरली होती. वाहिनीची माणसं आली होती, यशोधनही मुद्दाम आला होता, हाताची घडी घालून. जनार्दन औषधांच्या खिडकीतून गार्गीला मागणी घालणार होता. ऋजुता खिडकीशी जाऊन उभी राहिली. आवाजाची चाचणी चालली होती. निनाद जाळीला तोंड लावून हळूच म्हणाला, "तुला एक सांगायचं राहून गेलंय. आईंचं."

ऋजुताची आई चार वर्षांपूर्वी गेली, खऱ्या हॉस्पिटलात. ऋजुता तेव्हा याच सेटवर होती. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा संपला होता आणि शैलाताईंनी सोडलं नव्हतं. आईजवळ शेवटी एकटा निनाद होता. ऋजुता धावत पोचली तेव्हा त्यानं तिला दारातच धरलं होतं आणि सांगितलं होतं, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्याच्या आधारानं ती उभी राहिली होती. त्यानंतर कितीदा तरी तिनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं होतं, आणि तो न कंटाळता सांगायचा.

"झोपेत नाही गेल्या," निनाद म्हणाला. "बराच वेळ जाग्या होत्या. ऋजू कुठाय, ऋजू कुठाय, चालू होतं. फोन लाव म्हणाल्या. मी नाही लावला. म्हटलं, शूटिंग आहे तिचं."

"ॲक्शन," कुणीतरी ओरडलं.

तिनं प्रसंग केला. कसा केला ते तिला कधीच आठवलं नाही. गार्गीचे डोळे भरले होते, हातातलं गोळ्यांचं पाकीट चुरगळलं होतं. जनार्दनानं मागणी घातली. पट्टी चौऱ्याण्णववर गेली. शेड टाळ्यांनी दणाणली, शैलाताईंनी डोळे पुसले, आणि यशोधन खानविलकर पहिल्यांदाच न खोकता गप्प उभा राहिला.

ऋजुतानं जाळीला बोटं अडकवली. "निनाद. आई खरंच हाका मारत होती?"

निनादची नजर तिच्या मागे गेली, पट्टीवर. ती अजून वरच होती. कुठलं उत्तर दिलं तर ती वर राहील आणि कुठलं दिलं तर उतरेल, याचा तो हिशेब करत होता. ते तिला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आठ वर्षांची ओळख होती.

"अजून क्लोजअप राहिलाय," तो म्हणाला. "तेवढा होऊ दे. मग सांगतो."

तिनं क्लोजअप दिला. नाडी आल्यापासून कुणाचाच आकडा शंभरला लागला नव्हता, तो लागला. वाहिनीच्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तिला त्या क्षणी निनादचा जीव घ्यावासा वाटत होता, खिडकीची जाळी उचकटून, हातांनी. यंत्रानं ते इमानानं मोजलं होतं.

निनाद खिडकीमागून धावत बाहेर आला. घामानं मेकअप ओघळला होता आणि चेहरा आनंदानं फुलला होता. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"जिंकलो आपण, ऋजू. संपलं सगळं. आता विचार काय विचारायचंय ते. आईंची शपथ, खरं सांगतो."

आईच्या शेवटच्या घटका जगात एकाच माणसाला माहीत होत्या आणि तो समोर उभा होता. तो आता हो म्हणाला तरी तिला खरं वाटणार नव्हतं, नाही म्हणाला तरी वाटणार नव्हतं. आता कधीच नाही. इतका वेळ अंगात भडकलेलं सगळं एकदम ओसरलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. यशोधनचा निदान राग तरी यायचा.

"राहू दे," ती म्हणाली. "मला काही विचारायचं नाहीये."

तिनं हात सोडवून घेतले. कॅमेरा अजून दोघांवर रोखलेला होता आणि निनादची नजर सवयीनं पट्टीकडे गेली. पट्टी उतरत होती. सत्तर, चाळीस, वीस. एकतीसपाशी ती थांबलीसुद्धा नव्हती. शेवटी ती तळाला जाऊन टेकली, आणि पडद्यावर तांबडं असं काही उरलं नाही.

"तन्वीर," निनादनं काचेच्या खोलीकडे वळून विचारलं, "बंद पडलं का रे हे?"

तन्वीरनं एकदा ऋजुताकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "चालू आहे."